आसनक्षमता शून्य

मागच्या आवारात सिमेंट ओतायचं हे सोसायटीच्या सभेत जवळजवळ ठरलं होतं आणि मी मागच्या खुर्चीवर झोपलो होतो. नोकरीत इतक्या शिक्षकसभा काढल्या की डोळे उघडे ठेवून झोपणं आता अंगवळणी पडलं आहे. मधूनमधून मान हलवली की बोलणाऱ्याला वाटतं, आपला मुद्दा पटतोय. पण 'मागचं आवार' हे शब्द कानावर पडले आणि हलणारी मान जागच्या जागी थांबली.

मागचं आवार म्हणजे काही बाग नव्हे. इमारत आणि कुंपण यांच्यामधला मातीचा पट्टा, एक वाकडं झाड, एक मोडका बाक. संध्याकाळी इमारतीतली पोरं तिथे जमतात आणि मी काडीने मातीवर काहीबाही काढत बसतो. कधी भागाकार, कधी नदीचा उगम, कधी ग्रहण. ही शिकवणी नव्हे. शिकवणीला आईबाप पाठवतात, इथे पोरं आपण होऊन येतात. मातीवर शिकवण्यासारखं सुख नाही. चुकलं तर पायाने पुसायचं आणि पुन्हा मांडायचं. आणि पोरांना चुका पायाने पुसायला फार आवडतात, त्यामुळे ती चुकायला घाबरत नाहीत. सिमेंटवर काडीने काय उमटणार?

"सर, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," सेक्रेटरी म्हणाले. समोरचा माणूस आपल्या भावना समजू लागला की आपली जागा गेली असं खुशाल समजावं. "पण गाड्या काय डोक्यावर ठेवायच्या? आज ना उद्या घरटी दोन गाड्या होणार. एक नोकरीची, एक शाळेची."

सेक्रेटरी विमा विकतात. त्यामुळे त्यांना पुढचं सगळं दिसतं, आणि ते वाईटच असतं.

आता ही शाळा कुठे, तर आमच्याच रस्त्याच्या टोकाला. माझ्यासारख्या गुडघा दुखणाऱ्या माणसाला चालत वीसेक मिनिटं. गाडीने पाऊण तास, कारण सगळेच गाडीने जातात. शाळेच्या फाटकाशी रोज सकाळी अशी कोंडी होते की पोरांचा पहिला तास गाडीतच होतो.

"शाळेत चालत जाता येतं," मी म्हणालो.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. जणू मी पोरांना पोहत पाठवा म्हणालो होतो.

"चालत?" दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले. "सर, काळ बदललाय. रस्ता कोण ओलांडून देणार? नेणार कोण?"

"मी नेईन."

माणसाने रागाच्या भरात बोलू नये, आणि झोपेतून उठल्या उठल्या तर मुळीच बोलू नये. मी दोन्ही एकदम केलं. पुढच्या काही क्षणांत माझ्याच पायावर पडणारा धोंडा सभेने एकमताने मंजूर केला: सहामाही परीक्षेपर्यंत मुलं सरांबरोबर चालत जातील. शाळेच्या गाड्या बंद झाल्या, तर सिमेंटचा विचार सोडू. नाही झाल्या, तर सरांनी आपली काडी घेऊन गच्चीवर जावं.

घरी आलो तर बातमी आधीच पोचली होती.

"तुम्हाला सकाळी मोज्याचा जोड सापडत नाही," ही म्हणाली. "दहा-बारा पोरं जोडीने सापडणारेत का?"

सूनबाई टेबलाशी बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात एका लहानशा लाल गाडीचं गुळगुळीत माहितीपत्रक होतं. आमच्या घरी गाडी एकच. सकाळी सूनबाई त्या गाडीतून माझ्या नातीला शाळेत सोडतात, परत आणून चिरंजीवांच्या स्वाधीन करतात, तोवर चिरंजीवांना उशीर होतो आणि मग दोघं जिन्यात जे बोलतात ते शेजाऱ्यांना पाठ आहे. लाल गाडी हा त्यावरचा उपाय होता.

"बाबा, तुमचा उत्साह छानच आहे हो," त्या शेवटी म्हणाल्या आणि माहितीपत्रक घडी न घालता, नीट, उशीखाली ठेवल्यासारखं वर्तमानपत्राखाली सरकवलं.

आमच्या या चालण्याला नाव पोरांनीच ठेवलं. सगळ्यांनी एक लांब दोर धरायचा, ठरलेल्या कोपऱ्यांवर थांबायचं, तिथली पोरं घ्यायची, पुढे जायचं. "म्हणजे बसच की!" नात म्हणाली आणि स्वतःला कंडक्टर नेमून मोकळी झाली. मी ड्रायव्हर. दंतवैद्यांची धाकटी अतिशय सावकाश चालते. रस्त्यात मुंगी दिसली तर ती मुंगीला आधी जाऊ देते. पोरं तिला गोगलगाय म्हणतात, आणि तिचीही हरकत नाही, कारण हरकत घ्यायलाही तिला वेळ लागतो. तिला दोराच्या शेवटी उभं केलं.

शेजाऱ्यांचा सल्ला मागावा लागत नाही, हा आमच्या इमारतीचा मोठा गुण. सेक्रेटरींनी प्रत्येक मुलाच्या अपघाती विम्याची माहिती दिली. दंतवैद्य म्हणाले, पोरांना चालताना तोंड बंद ठेवायला सांगा, धूळ दातांना वाईट. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, चालताना बोलत राहायला सांगा, नाहीतर झोपतील. मी दोघांनाही हो म्हणालो. शिक्षकाने पालकांना नेहमी हो म्हणावं आणि वर्गाचं दार लावून घ्यावं.

चौथ्या की पाचव्या दिवशी चौकातल्या पोलिसाने आम्हाला अडवलं. दोर, रांग, पुढे म्हातारा, मागे पोरं. त्याच्या दृष्टीने चित्र स्पष्ट होतं.

"मोर्चा कशाचा आहे?"

"मोर्चा नाही, शाळेला चाललोय."

"घोषणा देताय."

"सत्तावीसचा पाढा आहे तो."

"पाढ्याच्या बाजूने की विरोधात?"

यावर पोरांत दोन तट पडले आणि विरोधकांचा आवाज मोठा निघाला. पोलिसाने गाड्या थांबवून आम्हाला घाईने पलीकडे नेलं. मोर्चा दुसऱ्याच्या हद्दीत गेलेला बरा.

इथवर सगळं ठीक होतं. घात केला तो शाळेच्या मागच्या फाटकाने. पुढच्या फाटकाशी गाड्यांची गर्दी, तिच्यातून पोरं नेणं म्हणजे जीव मुठीत धरणं. मागचं फाटक कुलपात. ते सकाळी उघडावं म्हणून मी मुख्याध्यापिकाबाईंना पत्र लिहिलं. छान वळणदार अक्षरात लिहिलं की, आमच्या इमारतीतून सुरू केलेली बस रोज मागच्या फाटकाने येईल, तरी कृपया फाटक उघडावे.

बस या शब्दाला अवतरणचिन्हं घातली नाहीत. जन्मभर विरामचिन्हं शिकवली, स्वल्पविराम विसरला म्हणून पोरांना वाक्य पुन्हा लिहायला लावलं, आणि माझीच दोन चिमुकली चिन्हं राहून गेली. फाटक उघडलं, पण शाळेच्या कार्यालयाने नियमाप्रमाणे वागायचं ठरवलं. नवी शालेय बस सुरू झाली तर वाहन कार्यालयाला कळवायचं, असा नियम आहे. त्यांनी कळवलं. वाहन कार्यालयाने मला कळवलं: विनानोंदणी बस चालवत असल्याबद्दल कागदपत्रांसह हजर व्हावे.

"आता सरकारची पत्रं यायला लागली," ही म्हणाली. "या वयात लोकांना नातवंडांची येतात."

वाहन कार्यालयातले कारकून सज्जन होते. हे मी मुद्दाम लिहितो. दुर्जन माणसाशी भांडता येतं, सज्जन कारकुनापुढे इलाज नसतो. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्या नावाचा कागद पुढ्यात ओढला.

"वाहनाचा प्रकार बस. बरोबर? इंजिन कुठलं?"

"मीच."

त्यांनी वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. "इंधन?"

"सकाळी दूध. काही जण खिशातली बिस्किटंसुद्धा वाटेतच संपवतात."

"चाकं?"

"नाहीत."

"पण बस चालते?"

"चालतेच. चालण्याशिवाय दुसरं काही करत नाही."

"मग इथे आणून दाखवा."

"अहो साहेब, ती बस नाहीये! मुलं आहेत. दोर धरून चालत जातात. बस हा शब्द मी लक्षणेने वापरला. त्याला अवतरणचिन्हं द्यायची राहिली."

"मग द्या ना."

मी आशेने खिशातून पेन काढलं.

"आता नाही देता येणार," ते हळहळून म्हणाले. "कागद आवक झालाय. हे बघा सर, तुमचं म्हणणं मला कळतंय. मी स्वतः लहानपणी चालतच शाळेत जायचो. पण फाईल उघडलीय. उघडलेली फाईल दोनच रीतींनी बंद होते. वाहन तपासणीत पास झालं तर, नाहीतर भंगारात निघालं तर."

"भंगारात काढा मग."

"काढतो. पण भंगारात काढलेलं वाहन पुन्हा रस्त्यावर दिसलं की चालकाला आत टाकतात."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी तपासणीची तारीख घेतली.

तेवढ्यात घरच्या आघाडीवर वाईट बातमी आली. ती सेक्रेटरींनी जिन्यात, अतिशय दुःखी चेहऱ्याने सांगितली.

"सर, सकाळच्या गाड्या तेवढ्याच बाहेर पडतायत. एकही कमी नाही."

"असं कसं? पोरं तर माझ्याबरोबर असतात!"

"पोरं असतात. दप्तरं नसतात."

ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, कारण मी पुढे चालायचो आणि दोर ओढायचो. पोरं मोकळ्या पाठीने येत होती. आणि दप्तरं? दप्तरं जड, पोरांच्या पाठी कोवळ्या, म्हणून प्रत्येक आई किंवा बाप दप्तर गाडीत घालून शाळेत पोचवत होता. दंतवैद्य तर गोगलगायीचं दप्तर मागच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावत. आमच्या सूनबाईही त्यातच. म्हणजे रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी पाऊण तास कोंडी होत होती, आणि तिच्यात अडकलेल्या गाड्यांमधून, काचा वर करून, गारेगार हवेत, दप्तरं शाळेला जात होती. मुलं पायी, भूगोल गाडीने!

त्या रात्री मी जेवलो नाही. हिने दोनदा विचारलं आणि मग माझं ताट झाकून ठेवलं, ज्याचा अर्थ 'नाटकं पुरे' असा होतो.

उपाय वरच्या काकूंकडे निघाला. त्यांची मुलं मोठी होऊन दूर गेली, पण बाबागाडी त्यांनी टाकली नव्हती. चांगली भक्कम, चार चाकांची, छत असलेली. "न्या," त्या म्हणाल्या, "पण पावसात ठेवू नका. आणि उजवीकडे ओढते, माझ्या थोरल्यासारखी." बाबागाडीत खाली जड दप्तरं, वर हलकी, छताला पाण्याच्या बाटल्या. पहिल्या दिवशी मी ती ढकलत फाटकाबाहेर पडलो तेव्हा समोरून येणाऱ्या एका बाईंनी कौतुकाने आत डोकावून पाहिलं, आणि आत गणिताचं पुस्तक पाहून त्यांचा चेहरा जो पडला तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

चाक कुरकुर करायचं. गाडी उजवीकडे ओढायची म्हणून मी डावीकडे ओढायचो, आणि त्यामुळे माझा डावा गुडघाही आता उजव्याच्या मताचा झाला. पण गाड्या कमी होऊ लागल्या. आधी दंतवैद्यांची थांबली. मग आणखी दोघांची. सूनबाई तेवढ्या हटून होत्या. दप्तराला गाडीच बरी, असं त्या म्हणायच्या. एका सकाळी आम्ही कोंडीच्या कडेने चाललो होतो आणि अडकलेल्या गाड्यांत आमची गाडी दिसली. नातीने दोर सोडला नाही, नियम म्हणजे नियम, पण काचेवर टकटक केली.

"आई, तुला सोडू का आम्ही?"

सूनबाईंनी काच खाली केली. "गप्प बस."

"आमच्या बसमध्ये बसत नाहीत," नात म्हणाली. पुढच्या गाडीने वीतभर जागा केली, मागच्याने हॉर्न वाजवला, आणि आम्ही पुढे निघून गेलो. संध्याकाळी सूनबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नातीचं दप्तर मात्र बाबागाडीजवळ ठेवलेलं होतं.

तपासणीच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पोरं नवे कपडे घालून आली, कारण त्यांना वाटलं फोटो निघणार. वाहन कार्यालयाच्या मैदानावर ट्रक, टेम्पो, खऱ्या बसगाड्या रांगेत उभ्या होत्या. आम्हीही रांगेत उभे राहिलो. आमच्या मागच्या टेम्पोवाल्याने विचारलं, "आजोबा, तुमची गाडी कुठंय?" मी हाताने दाखवलं. त्याने आदराने टेम्पो थोडा मागे घेतला.

निरीक्षक जाडजूड, घामाघूम आणि माझ्यापेक्षा दमलेले होते. सकाळपासून ते चाकांखाली वाकत होते. आम्हाला पाहून त्यांनी कागद वाचला, पुन्हा आम्हाला पाहिलं आणि सावलीत एका टायरवर बसले.

"बस कुठली यात?"

"ही सगळी," नात म्हणाली.

"चाकं नाहीत असं लिहिलंय."

"आहेत ना." तिने बाबागाडी पुढे ढकलली.

चाकं दिसताच त्यांच्या चेहऱ्यावर जी तरतरी आली ती पाहण्यासारखी होती. चाकं म्हटलं की त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं. त्यांनी चारही चाकं फिरवून पाहिली. "ब्रेक?" मी "थांबा!" ओरडलो. सगळी थांबली, आधीच थांबलेली होती म्हणून. "हॉर्न?" मी गाडी हातभर ढकलली. चाक किंचाळलं. रांगेतला एक ट्रकवाला दचकला. "धूर?"

"नाही," मी म्हणालो.

"आजोबांना कधीकधी ढेकर येते," मागून कोणीतरी प्रामाणिकपणे सांगितलं.

"वेगनियंत्रक बसवलाय का? शाळेच्या बसला सक्तीचा आहे."

मी दोराच्या टोकाकडे बोट दाखवलं. गोगलगाय एका सुरवंटाजवळ उकिडवी बसली होती. "ती चालते त्यापेक्षा जास्त वेगाने ही बस जाऊ शकत नाही."

"आणि बिघडली तर?"

"कडेवर घ्यावी लागते. मग वेग आणखी कमी होतो."

त्यांनी कागदावर खूण केली. मग घोडं अडलं ते आसनक्षमतेवर. बाबागाडीत आसन एक, पण त्यावर दप्तरं. बाकी सगळी उभी. निरीक्षकांनी कागदाची दुसरी बाजू पाहिली, कपाळ पुसलं. "उभे प्रवासी आसनांच्या प्रमाणात घेता येतात. आसन शून्य, म्हणजे उभेही शून्य. म्हणजे सर, तुम्हाला एकही प्रवासी नेता येणार नाही."

"एकही?"

"एकही. पण वाहन चांगल्या स्थितीत आहे. ते मी नाकारू शकत नाही." आणि त्यांनी योग्यतेचं प्रमाणपत्र लिहिलं. त्यात बसच्या लांबीचा रकाना होता. दोन माणसांनी फीत धरली, पोरं दोर ताणून उभी राहिली. आसनक्षमता: शून्य. शेरा: वाहनात कोणासही बसवू नये.

मी तो कागद दोनदा वाचला. आमच्या बसमध्ये कोणीही बसत नाही. म्हणजे सरकारने ज्या एका गोष्टीला मनाई केली होती ती आम्ही कधीच करत नव्हतो. इतकं कायदेशीर मी आयुष्यात कधी वागलो नव्हतो. निरीक्षकांनी शिक्का मारला आणि हळूच विचारलं, "माझा मुलगा तिसरीत आहे. तुमच्या बाजूला जागा मिळेल भाड्याने?"

सहामाही आली. सकाळी इमारतीतून शाळेसाठी एकही गाडी निघत नव्हती. मी सभेला गेलो तो जागा राहण्याच्या निश्चयाने. कौतुक झालं. सेक्रेटरींनी माझ्या नावाने टाळ्या वाजवायला सांगितल्या. टाळ्या वाजल्या. मग ते म्हणाले, "आता एक अडचण आहे."

"कसली?"

"गाड्या, सर. पूर्वी सकाळी त्या बाहेर असायच्या. आता तुमच्या कृपेने घरीच असतात. सकाळी दूधवाला आत येत नाही, सिलिंडरवाला आत येत नाही. घरी राहणाऱ्या गाड्यांना जागा लागते. तेव्हा मागचं आवार..."

मी बोलायला उठलो आणि पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. चिडून नव्हे. दमलो होतो. इतक्या सकाळी, इतक्या हाका, इतके कुरकुरणारे किलोमीटर, आणि सगळ्याचं फळ काय, तर मी गाड्या घरी बसवल्या म्हणून मातीवर सिमेंट! वर्गात कधी एखादं गणित सबंध फळा भरून सोडवावं आणि शेवटी लक्षात यावं की पहिल्याच ओळीत चिन्ह चुकलंय, तसं वाटलं. मी खाली बसलो.

"एक मिनिट." सूनबाई उभ्या राहिल्या होत्या. सभेत त्या कधी बोलत नाहीत. त्यांच्या हातात सोसायटीची नियमावली होती. "गाड्यांच्या जागेचा नियम तुम्हीच लिहिलाय ना, काका?"

"मीच," सेक्रेटरी अभिमानाने म्हणाले.

"मला पाठ आहे तो. नवी गाडी घ्यायची म्हणून वाचला होता. ज्या सभासदाने आजवर एकदाही जागा घेतली नाही, त्याच्या नोंदलेल्या वाहनाला पहिला हक्क. जागा वाहनाच्या लांबीप्रमाणे. आमची गाडी रस्त्यावर उभी असते, बाबांनी जन्मात जागा घेतली नाही. आता त्यांची बस आहे. सरकारने पास केलेली."

"अहो, ती काय बस आहे का?"

"मग वाहन कार्यालयाला कळवा तसं," सूनबाई म्हणाल्या. "तिथले कारकून फार सज्जन आहेत."

विमा विकणाऱ्या माणसाला कुठली फाईल उघडू नये हे बरोबर कळतं. तरीही त्यांनी मोजायचा आग्रह धरला. फीत आली, सभेतली माणसं मागच्या आवारात गेली. प्रमाणपत्रावरची लांबी झाडापासून मोजली तर ती कुंपणापर्यंत गेली. वळायला जागा नको का, असं दंतवैद्यांनी विचारलं. ते कुणाच्या बाजूने होते कोण जाणे, पण बस वळायला लागणारी जागा धरून बाकसुद्धा आत आला. सिमेंटचा ठराव मागे घेतला गेला. सेक्रेटरींनी फक्त एक अट घातली, आणि तीही नियमातलीच होती: वाहन वापरात हवं. बस बंद पडली की जागा गेली.

घरी आल्यावर मी खुर्चीत बसलो तेव्हा कुठे ही अट मला नीट समजली. मी जिंकलो होतो, म्हणजे मला आता रोज चालायचं होतं. थंडी असो, ताप असो, गुडघे असोत. सहामाहीनंतर वार्षिक, वार्षिकनंतर पुढचं वर्ष. सेवानिवृत्तीनंतर कायम झालेला मी पहिलाच माणूस असेन.

"निवांत झोपा आता," ही म्हणाली. तिने माझ्या गुडघ्याला शेकायची पिशवी बांधली. सकाळी तो गुडघा फुगून नारळाएवढा झाला.

खाली पोरांचा आवाज येत होता. मी भिंत धरून उठलो, एक पाऊल टाकलं आणि पुन्हा बसलो. खिडकीतून मागचं आवार दिसत होतं. दोर मातीवर पसरलेला, बाबागाडीवर दप्तरांचा डोंगर, नात सगळ्यांना रांगेत लावत होती आणि दर थोड्या वेळाने वर आमच्या खिडकीकडे पाहत होती.

"मी येतो, सांग त्यांना," मी म्हणालो. "हळूहळू येतो."

सूनबाई दारात चपला काढून बूट घालत होत्या. ऑफिसची पर्स त्यांनी तिरकी खांद्यावर टाकली होती. "बाबा, आज तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "मी चालवते."

"तुला उशीर होईल ग."

"शाळेवरून पुढे बस पकडते. म्हणजे खरी."

"बाबागाडी उजवीकडे ओढते. आणि चौकातला पोलीस..."

"बाबा, मला गाडी चालवता येते."

त्या जिना उतरल्या. मी खिडकीशी खुर्ची ओढून घेतली. खाली पोरांनी आधी जरा कुरकुर केली, नव्या ड्रायव्हरला परवाना आहे का असं कोणीतरी विचारलं, नातीने त्याला गप्प केलं. बाबागाडीचं चाक किंचाळलं. बस निघाली. सूनबाई सवयीने भरभर गेल्या, दोर ताणला गेला, शेवटून हाक आली आणि त्या थांबून, मान वळवून, शेवटची सावकाश येईपर्यंत उभ्या राहिल्या.

फाटकाशी रस्त्याला वळताना त्यांनी उजवा हात बाहेर काढून वळण्याची खूण केली. मागच्या पोरांनी ते पाहिलं, आणि एकामागून एक, सगळ्यांनी उजवे हात बाहेर काढले.